बाकरवडीची बचावफळी

आम्ही गावावरून आडनाव घेणारे लोक. त्यामुळे आमच्या सासुरवाडीच्या अमेरिकन शाखेत थोरले साडू शिकागोकर, मेहुणा बाल्टिमोरकर आणि मी पिट्सबर्गकर, असे तिघे कर आहोत. यातलं एकही गाव कोणी हौसेनं निवडलेलं नाही. ऑफर लेटरवर जे छापून आलं, तिथे दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन उतरलो. पण गावाबरोबर तिथला फुटबॉलचा संघही पदरी पडतो, आणि पदरी पडलं की पवित्र झालं. मी १९९८ साली पिट्सबर्गला आलो तेव्हा स्टीलर्स म्हणजे भांड्यांचं दुकान असावं, असा माझा समज होता. दोन वर्षांत माझी अशी अवस्था झाली की संघ हरल्यावर सोमवारी ऑफिसात जे सुतक पाळलं जातं, त्यात मी गावातल्या लोकांपेक्षा जास्त कडक असायचो.

परवाच्या थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे थोरल्या साडूंकडे नेपरव्हिलला जमलो होतो. टर्कीऐवजी कोंबडीचा रस्सा, समोर टीव्हीवर डेट्रॉईटचा सामना. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉईट खेळतंच, १९३४ पासूनचा रिवाज आहे, आणि आमच्या घरी त्याकडे कोणी बघत नाही हाही रिवाजच. आमचा सामना वेगळा असतो: आजवरचा सर्वांत थोर डिफेन्स कोणाचा? हा वाद घरात दरवर्षी होतो आणि सगळ्यांना तो हवाच असतो. सांगलीच्या घराच्या वाटणीवर बोलण्यापेक्षा १९८५ च्या शिकागो बेअर्सवर बोललेलं बरं, हे आम्हां तिघांना न सांगता कळलेलं आहे.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच. चेंडू हातात असलेल्या संघानं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि समोरच्या अकरांनी ते सरकू द्यायचं नाही. म्हणजे गर्दीच्या वेळी विरार लोकलमधून मधल्याच स्टेशनवर उतरायचं असेल आणि दारातले लोक उतरू देत नसतील, तर त्या दारातल्यांना डिफेन्स म्हणायचं.

साडूंनी नेहमीप्रमाणे ताट सरकवून टेबलावर मांडणी सुरू केली. पाच रव्याचे लाडू ओळीनं, हा समोरच्यांचा ऑफेन्स. मागे एक काजू, तो क्वार्टरबॅक. मग चितळ्यांच्या पुडक्यातून अकरा बाकरवड्या निघाल्या. "हे बघा, फोर्टी-सिक्स डिफेन्स! बडी रायनचं डोकं! मधल्या तीन लाडवांच्या छाताडावर एकेक बाकरवडी. हे दोन लाइनबॅकर एकाच अंगाला, मार्शल आणि विल्सन. आठजण पुढे आणून ठेवायचे. आता काजूनं जायचं कुठे?"

काजू खरोखरच केविलवाणा दिसत होता.

"सेहेचाळीस म्हणजे चार पुढे आणि सहा मागे का?" सासऱ्यांनी विचारलं. सासरे, म्हणजे अप्पा, सांगलीच्या एका बँकेतून निवृत्त झालेले. आकडा दिसला की त्याचा ताळा लावल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"नाही अप्पा. डग प्लँक म्हणून एक खेळाडू होता, त्याच्या शर्टाचा नंबर."

"तो यात कुठला?" अप्पांनी बाकरवड्यांवर बोट फिरवलं.

"तो यात नाही. तो तीन वर्षं आधीच बेअर्समधून गेला होता."

"म्हणजे कुलदैवतासारखं. बरं, पुढे."

पुढे साडूंचा सूर लागला. पंधरा विजय, एक पराभव. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क जायंट्सला २१-०, लॉस एंजेलिस रॅम्सला २४-०. २६ जानेवारी १९८६ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडला ४६-१०, आणि त्या अख्ख्या सामन्यात न्यू इंग्लंडनं धावून काढलेलं अंतर सात यार्ड. "सात! या सोफ्यापासून त्या फ्रिजपर्यंत!" फ्रिज म्हटल्यावर त्यांना विल्यम पेरी आठवला. तीनशे पौंडांच्या वरचा देह, टोपणनाव रेफ्रिजरेटर. त्याला डिफेन्समधून उचलून सुपर बोलमध्ये चेंडू दिला आणि त्यानं टचडाउन केला. इथे साडूंचा आवाज दरवर्षी जरा खाली येतो. कारण संघाचा खरा मोठा माणूस वॉल्टर पेटन, त्याला त्या दिवशी एकही टचडाउन मिळाला नाही.

"म्हणजे घरचा कर्ता उपाशी आणि तूप पाहुण्याच्या पानात," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. या खेळाबद्दल इतकं नेमकं मी कुठेच ऐकलेलं नाही.

"मायामी," मेहुणा म्हणाला.

हे त्याचं शस्त्र. बेअर्स त्या मोसमात एकदाच हरले, २ डिसेंबरला मायामीकडून, ३८-२४. साडूंनी काहीही सांगितलं की मेहुणा फक्त 'मायामी' म्हणतो. शिवाय त्या पोरांनी 'सुपर बोल शफल' नावाचं गाणंही प्लेऑफच्या आधीच काढलं होतं. मुलगी पाहायला जाण्याआधी पत्रिका छापल्या. त्या छापलेल्या पत्रिकांवर लग्न झालं हे खरं, पण म्हणून रीत बरोबर ठरत नाही.

मेहुण्याचा संघ रेव्हन्स. एडगर अ‍ॅलन पोच्या कवितेवरून नाव ठेवलेला, कारण पो बाल्टिमोरला वारला आणि तिथेच पुरलाय. मला या गोष्टीचा हेवा वाटतो. मर्ढेकरांच्या कवितेवरून आपल्याकडे एखाद्या कबड्डी संघाचं नाव कोणी ठेवील का? अप्पांना रेव्हन म्हणजे डोमकावळा हे कळल्यापासून ते या संघाचा उल्लेख 'पिंडाचे' असाच करतात.

"२००० साल," मेहुणा बोटं मोडत म्हणाला. "सोळा सामन्यांत १६५ गुण दिले, १६ सामन्यांच्या मोसमाचा विक्रम. बेअर्सनी १९८ दिले होते. आणि भावोजी, सुपर बोलमध्ये जायंट्सनी जे सात गुण काढले ना, ते किकऑफ परतवून. रे लुइसच्या डिफेन्सवर शून्य! तुमच्या बेअर्सकडे पेटन होता. आमच्या ऑफेन्सला ऑक्टोबरात सलग पाच सामने एक टचडाउन जमला नव्हता, तरी त्यातले दोन जिंकलो."

"उरलेल्या तीनातला एक आम्ही जिंकला. ९-६," मी म्हणालो. त्याच मोसमाच्या पहिल्या सामन्यात त्यांनी आम्हाला १६-० नं धुतलं होतं, पण ते सांगणं माझं काम नव्हे.

आता माझी पाळी. मी उभा राहिलो. माझं साल १९७६. त्या साली मी साताऱ्यात दुसरीत होतो आणि पिट्सबर्ग हा शब्द मी ऐकलेला नव्हता. तरीही त्या मोसमाची आठवण निघाली की माझा गळा दाटून येतो. पहिल्या पाच सामन्यांत चार पराभव. पाचव्यात क्लीव्हलंडच्या टर्की जोन्सनं (हो, टर्की. थँक्सगिव्हिंगला हे नाव घेताना अंगावर काटा येतो) आमच्या क्वार्टरबॅकला, टेरी ब्रॅडशॉला, उचलून डोक्यावर आपटलं. संपलं सगळं. आणि तिथून डिफेन्सनं ठरवलं की आता आपणच बघायचं. पुढचे नऊच्या नऊ सामने जिंकले. नऊ सामन्यांत मिळून २८ गुण दिले, पाच सामन्यांत भोपळा. जो ग्रीन, पुढचे दात नसलेला जॅक लँबर्ट, मेल ब्लाऊंट. ब्लाऊंट तर समोरच्या रिसीव्हरला असा रेटत न्यायचा की १९७८ मध्ये नियमच बदलला: पाच यार्डांच्या पुढे त्याला हात लावायचा नाही. "तुमच्या डिफेन्सनं विक्रम केले," मी म्हणालो, "आमच्या डिफेन्समुळे कायदा करावा लागला!"

या वाक्यावर टेरिबल टॉवेल फिरवायचा, असं मी पिट्सबर्गहून निघतानाच ठरवलं होतं. हा पिवळा टॉवेल १९७५ पासून आमच्या गावची भगवी पताका आहे. मी हात मागे नेला, टॉवेल नव्हता. बायकोनं त्यात पोळ्या गुंडाळल्या होत्या. आमची आई पिट्सबर्गला आली तेव्हापासूनची ही सवय. "चांगला आहे हो फडका," आई म्हणाली होती, "हळदीचे डाग दिसत नाहीत."

"आणि त्या साली सुपर बोल कोणी जिंकला?" साडूंनी शांतपणे विचारलं.

आम्ही नाही. दोन्ही धावणारे गडी जायबंदी झाले आणि ओकलंडनं आम्हाला अलीकडच्याच सामन्यात २४-७ नं घरी पाठवलं. बोर्डात पहिला आलेला मुलगा, मुलाखतीला जाताना रिक्षा उलटली. मी खाली बसलो.

या गडबडीत मेहुण्याच्या सहा वर्षांच्या मुलानं बेअर्सची जवळजवळ सगळी बचावफळी खाऊन टाकली होती. साडूंनी झडप घालून एक बाकरवडी वाचवली. "हा सिंगलटरी आहे, आमच्या डिफेन्सचा म्होरक्या," ते म्हणाले आणि ती वाटीत ठेवून वर बशी झाकली.

सोफ्यावरून साडूंचाच थोरला मुलगा बोलला. हा नोकरीला सिएटलला आहे, म्हणजे घरभेदी. त्याचं म्हणणं, २०१३ चं सिएटल. आता सगळे नियम ऑफेन्सच्या बाजूचे. डेन्व्हरनं त्या मोसमात ६०६ गुण काढले होते, विक्रम, आणि सुपर बोलमध्ये सिएटलनं त्यांना आठांवर ठेवून ४३ ठोकले. मुद्दा बरोबर होता, म्हणून आम्ही त्याला पाणी आणायला पाठवलं.

तो पाणी घेऊन आला तो थेट अप्पांच्या शेजारी बसला, फोन उघडून. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अप्पांनी एका पाकिटाच्या मागे भागाकार मांडले होते. "वादाचं कारणच नाही. गोलंदाजाचं बघतो तसं बघायचं, सामन्यामागे दिले किती? शिकागो १२.४. पिंडाचे १०.३. पिट्सबर्ग चौदा सामन्यांत १३८, म्हणजे ९.९."

मी कॉलर ताठ केली.

"पण हा म्हणतो, न्यूयॉर्क जायंट्स, १९२७. तेरा सामने, एकूण दिलेले गुण वीस."

आम्ही तिघे एकदम ओरडलो. तेव्हा चेंडू फेकतच नव्हते, तेच अकरा दोन्ही बाजूंनी खेळायचे, आणि ते फुटबॉल नव्हे, चिखल होता! अप्पांनी मान्य केलं. "बरं, ते स्वातंत्र्यापूर्वीचं. सोडून देऊ. मग उरलं अटलांटा, १९७७. चौदा सामने, १२९. सरासरी ९.२."

"अप्पा, ते सात जिंकले आणि सात हरले! प्लेऑफलाही गेले नाहीत!"

"म्हणजे फलंदाजी वाईट. पण विषय गोलंदाजीचा आहे ना?"

एवढ्या वर्षांत प्रथमच शिकागो, बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग एका बाजूला बसले. उत्तर कोणाकडेच नव्हतं. सिएटलकर पाणी पीत होता.

"अटलांटाला आपला धाकट्या मावशीचा मुलगा असतो ना?" अप्पांनी फोन मागितला. "त्याचं अभिनंदन करायला हवं."

आम्ही नको नको म्हणेपर्यंत व्हिडिओ कॉल लागला. अटलांटाकर हा स्वभावानं गरीब माणूस. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये त्याचा संघ २८-३ नं पुढे होता. घरी पेढे आणून ठेवले होते त्यानं. न्यू इंग्लंडनं तो सामना ३४-२८ नं नेला. त्यानंतर तो आमच्या फुटबॉलच्या बैठकींना येईनासा झाला.

"अरे, अभिनंदन!" अप्पा कॅमेऱ्यात कपाळ घालून म्हणाले. "आजवरचा सर्वांत थोर डिफेन्स तुमचा! सर्वानुमते!"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. अप्पांच्या खांद्यामागे आम्हां तिघांचे चेहरे त्याला दिसत असणार.

"काका," तो म्हणाला, "सणाच्या दिवशी चेष्टा करायला तुम्हाला मीच सापडलो?"

स्क्रीन काळा झाला.

"रेंज गेली वाटतं," अप्पा म्हणाले. फोन ठेवून त्यांनी समोरच्या वाटीवरची बशी उचलली, आत एक बाकरवडी दिसली, ती तोंडात टाकली. थोरल्या साडूंचा हात अर्ध्यावर आला होता, तो तसाच राहिला. सासऱ्यांना काय बोलणार?