पोटापुरतं वैराग्य

भर्तृहरीच्या गुंफेत सगळे जातात ती वाट मला चालणार नव्हती. सगळे पायऱ्या उतरतात, कंबरेत वाकतात, धुनीची राख कपाळाला लावतात. इंद्राने फेकलेली शिळा राजाने बसल्या जागेवरून एका हाताने थोपवली, तो पंजा छतावर बघतात आणि वर येऊन क्षिप्रेचा वारा खातात. माझ्या कपाळावर मात्र सह्याद्रीत मिरवलेला हेडटॉर्च होता. इथून चारी धामांना भुयार जातं म्हणे. आता ते बंद आहे. ‘बंद आहे’ ही सूचना इतरांसाठी असते, असं मी आयुष्यभर धरून चाललो आहे.

“आत हवा कमी असते,” आत्या म्हणाली. तिच्या सासरचे शिंद्यांच्या काळापासून उज्जैनचे, त्यामुळे तिच्या मराठीत माळवा मुरलेला. “फसून गेलास तर काढणार कोण तुला?”

“जाऊ द्या हो त्यांना,” बायको म्हणाली. “आमटी बिघडली की हिमालयात निघतात. हे त्यातल्या त्यात जवळ आहे.”

खांबामागच्या एका कपारीत मी शिरलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट मागे राहिलं. अशा वेळी माणसाला ईश्वर आठवावा. मला फळ आठवलं.

त्या फळाबद्दल मला फार दिवसांपासून बोलायचं आहे. ब्राह्मणाला तपाने अमरफळ मिळालं. ब्राह्मणी म्हणाली, दारिद्र्यात अमर होऊन काय करायचंय? (सगळ्या गोष्टीत तेवढी एकच शहाणी.) मग त्याने ते राजा भर्तृहरीला दिलं, राजाने पिंगला राणीला, राणीने घोड्यांच्या पागेवरच्या प्रियकराला, त्याने गणिकेला आणि गणिकेने, हे राजालाच शोभतं म्हणून, परत राजाला. हळदीकुंकवातलं ब्लाउजपीससुद्धा इतक्या निष्ठेने मूळ घरी येत नाही! आणि एवढ्या हातांतून फिरलं, तरी एकानेही चावून बघितलं नाही. निदान वास? राजाने विक्रमाला राज्य दिलं आणि स्वतः थेट वैराग्य घेतलं.

ही उज्जैनची गोष्ट. आपल्या नवनाथ भक्तिसारात ती उलटी आहे. तिथली पिंगला एकनिष्ठ. तिची परीक्षा बघायला राजा स्वतःच्या मरणाची खोटी बातमी धाडतो आणि ती सती जाते. मग हा बारा वर्षं स्मशानात रडतो. शेवटी गोरक्षनाथ येतात, स्वतःचं भांडं फोडतात, त्याच्यासाठी तसाच गळा काढतात आणि राजाला भानावर आणतात. म्हणजे बायको खोटी निघाली तरी नवरा जोगी, खरी निघाली तरी नवरा जोगीच! त्याच्या नावावर तीन शतकं, ती मराठीत आणायला वामनपंडित, शिवाय ही गुंफा. तिच्या नावावर एकीकडे बदनामी, दुसरीकडे राख. तिचं म्हणणं काय होतं, हे दोन्हीकडे कुणी विचारलेलं नाही. त्या अंधारात मला खरोखर चीड आली. उद्या मी हिमालयात गेलोच, तर आमच्या घरची गोष्ट लोक कशी सांगतील? आमटीपासूनच सुरू करतील. मला घाम फुटला. हवाही कमी होती.

टॉर्चच्या उजेडात हातभर पुढे दगडमातीचा ढीग दिसला आणि त्यावर गुटख्याची रिकामी पुडी. बद्रीनाथाच्या दिशेने माझ्याआधी कुणीतरी निघालं होतं, आणि तोंडात तोबरा भरून.

तेवढ्यात पायांना कुणाचे तरी हात लागले. एखादा भाविक असावा, असं वाटून मी आशीर्वादाला हात हलवायचा प्रयत्न केला. मग घोटे धरून ओढलं गेलं.

“पोट आत घ्या,” मागून बायकोचा आवाज आला.

वर आल्यावर, शर्ट झटकत, मी तिला विचारलं, “अमरफळ तुझ्या हातात आलं असतं, तर तू कुणाला दिलं असतंस?”

“द्यायचं काय त्यात? विळीवर चिरलं असतं. माणशी एक फोड. आत्यांना मऊ बघून दिली असती.”

“आणि मला?”

“तुमची सकाळच्या गोळ्या घेतल्यावर.”