गावपळणीस पाळीव साप न्यावा किंवा कसे : सर्वसाधारण सूचना

आचऱ्याच्या रामेश्वराने कौल दिला की वेशीबाहेर काय काय न्यायचं, हे गावाला सांगावं लागत नाही. म्हातारीकोतारी, पोरंटोरं, गुरंढोरं, कुत्री-मांजरं, कोंबड्या, तांदूळ, सुकी मासळी, भजनाची पेटी. दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव, कोणत्याही जातीधर्माचा असो, दाराला कडी घालून निघतो आणि तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर खोपी बांधून राहतो. मागे कुणी थांबायचं नाही. तेवढे दिवस गाव देवाचा आणि ज्यांची नावं तिन्हीसांजेला घेत नाहीत त्यांचा.

या यादीत साप नाही. पण मुंबईतला चाकरमानी अलीकडे काचेच्या पेटीत अजगर पाळू लागला आहे, आणि गावपळणीला रजा टाकून येण्याची त्याची हौस जराही कमी झालेली नाही. तेव्हा आज ना उद्या एखादा सापासकट वेशीवर उभा राहणार. ऐन वेळी वाद नको, म्हणून या सूचना.

१. पात्रता

प्रथम अर्जदाराने साप आपला आहे हे सिद्ध करावे. इथेच बहुतेक अर्ज निकालात निघतील.

पडवीच्या कौलात राहणारी धामण, गडग्याच्या चिऱ्यांखालचं फुरसं, विहिरीतला दिवड, हे 'आमच्या घरचे' म्हणून दाखवता येणार नाहीत. ते पिढ्यान् पिढ्या घरात राहत असले तरी भाडेकरू कोण आणि मालक कोण हा मुद्दा वादग्रस्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथला कोणताही जंगली साप पकडून बाळगता येत नाही. त्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, धामण, अजगर ही मंडळी पहिल्या परिशिष्टात बसली आहेत. त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. गावपळण तीन दिवसांची आणि शिक्षा तीन वर्षांची, हे प्रमाण अर्जदाराने नीट तपासावे.

'तो आपणहून पिशवीत शिरला' हा खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.

२. कागदपत्रे

उरला परदेशी साप. म्हणजे बहुधा पश्चिम आफ्रिकेतला, घाबरला की स्वतःचं मुटकुळं करून डोकं आत लपवणारा तो बॉल पायथन. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांत तो मोडतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवावं लागतं.

म्हणजे एका सापाच्या जन्म-मृत्यूची नोंद जितकी चोख, तितकी आपल्या भाऊबंदांच्या सातबाऱ्यावरची नसते. ज्यांच्या सामायिक घरावर अजून पणजोबांचं नाव आहे, त्यांनी वेशीवर सापाची कागदपत्रं फार उंच धरून दाखवू नयेत. काका बघत असतात.

३. हवापाणी

अर्जदार म्हणेल, 'बिचाऱ्याला मोकळी हवा मिळेल.' ही भावना चांगली आहे, फक्त ती सापाची नाही. मोकळी हवा, निसर्ग, समुद्रावरचा सूर्यास्त हे माणसाचे शौक. सापाला हवी असते ऊब, अंधार आणि अंगाला सर्व बाजूंनी टेकेल अशी जागा. ढोलांचे हादरे बसणारी खोप या तिन्हींपैकी काहीच देत नाही.

सापाचं अंग आतून तापत नाही, बाहेरच्या उबेवर चालतं. या अजगराला पेटीच्या एका टोकाला साधारण ३२ अंश ऊब लागते. गावपळण पडते थंडीत. पहाटे खाडीवरून वारा सुटला की खोपीत माणसं गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढत नाहीत. थंडीत सापाचं पचन थांबतं आणि पोटातला उंदीर जसाच्या तसा बाहेर येतो. हा प्रकार कोंबडी-वड्यांच्या पंगतीत घडल्यास पुढची जबाबदारी अर्जदाराची.

म्हणून काही जण पेटी उन्हात ठेवतील. ठेवू नये. काचेच्या पेटीत ऊन कोंडलं की सावलीला सरकायलाही जागा राहत नाही, आणि थोड्याच वेळात साप मरतो. नुकतं खाल्लेल्या सापाला दोन दिवस हात लावू नये. कात टाकायला आलेल्या, डोळे दुधाळ झालेल्या सापाला हलवू नये, त्याला तेव्हा नीट दिसत नाही. आणि गळ्यात पट्टा घालून चौपाटीवर फिरवायचा बेत असेल तर आधी सापाचा गळा कुठे संपतो ते ठरवावे.

४. शेजारधर्म

खोपीला भिंत झावळ्यांची. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मावशीच्या कोंबड्या. कोंबड्या टोपलीखाली, साप पेटीत, आणि पेटीचं झाकण चार्जरच्या वायरीने बांधलेलं. सुटका करून घेण्यात साप माणसापेक्षा चिकाटीचा, हे पाळणारे सगळेच सांगतात. आता पहाटे ऐकू येणारा संवाद असा :

"माजो कोंबडो खंय गेलो रे?"

"मावशी, तो इतका मोठा घास घेऊच शकत नाही. त्याच्या जातीला उंदीर लागतात."

"मगे त्याका उंदीरच घाल, माज्या खोपीत बरेच आसत. पण आदी सांग, गावातली जनावरां काय कमी होती म्हणान तू भायलां आणलंस?"

या प्रश्नाला 'परिवेश'वर उत्तर नाही.

सापाच्या बाजूनेही विचार व्हावा. वेशीबाहेरच्या माळावर मुंगूस आहे, मोर आहे, भारद्वाज आहे. वर सर्पगरुड घिरट्या घालतो, ज्याला सापाशिवाय फारसं काही आवडत नाही. किनाऱ्याच्या बाजूला समुद्रगरुड आहे, आणि तो पाण्यातले सापसुद्धा उचलतो. शिवाय गावातले झाडून सगळे कुत्रे तिथे जमलेले. आफ्रिकेच्या अजगराला यातलं कुणीच ओळखीचं नाही. यांना मात्र तो पाहताक्षणी ओळखू येईल.

५. गाऱ्हाणे

एवढं होऊनही अर्जदार हटत नसेल तर निघण्यापूर्वी रीतसर गाऱ्हाणे घालावे. नमुना :

'बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज तुज्या ह्या लेकरान मुंबैसून एक जनावर आणल्यान हा.'

'व्हय म्हाराजा!'

'ता कसला, ता आमकां म्हायत नाय. कित्याक आणल्यान, ता त्याचा त्याकाच म्हायत नाय.'

'व्हय म्हाराजा!'

'त्याची काय चूकभूल झाली आसात ती तुज्या पोटात घाल, आणि वाडीतली कोंबडी त्याच्या पोटात जाव देव नको.'

'व्हय म्हाराजा!'

शेवटच्या 'व्हय'ला मावशीचा आवाज सगळ्यांत मोठा असेल.

६. पूर्वीचे दाखले

अर्जदार दाखले देईल, त्यांची उत्तरं तयार ठेवावीत.

दाखला पहिला, नीलिमकुमार खैरे. १९८० मध्ये पुण्यात ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले आणि विक्रम केला. पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. ७२ तास म्हणजे बरोबर तीन दिवस तीन रात्री, हे खरं. पण ते सापांबरोबर आत बसले, आपण सापांना सोडून बाहेर जातो. शिवाय साप विनाकारण चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. आपल्याला दाखवायचा आहे तो साप, आणि तोसुद्धा चुलतभावाला.

दाखला दुसरा, सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. नागपंचमीला तिथे जिवंत नाग पकडून मिरवत. वन्यजीव कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ते बंद केलं. आपल्याच जिल्ह्यात वैभववाडी तालुक्यात शिराळे नावाचा गाव आहे, आणि तिथेही गावपळण होते. एका शिराळ्यात माणसं गाव सोडतात, दुसऱ्या शिराळ्यात नाग सोडावे लागले. आचऱ्याने पहिल्याचा कित्ता गिरवावा.

दाखला तिसरा अर्जदार देणार नाही, आपण द्यावा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत लोकांनी हौसेने आणलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले आणि इतके वाढले की आज तिथे अजगर पकडायच्या बक्षिसांच्या स्पर्धा भरतात. एका दिवसाच्या हौसेचं निस्तरणं तिथे सरकारी खात्याकडे आहे. इथे ते ग्रामपंचायतीकडे येईल, आणि तिच्याकडे आधीच माकडांचा अर्ज पडून आहे.

७. खोपीतला खराखुरा साप

हे कलम गंमतीचं नाही. पेटीतला अजगर बिनविषारी असतो, पण खोप जिथे बांधता त्या माळावर फुरसं, घोणस, मण्यार, नाग यांचं येणं-जाणं असतं. जमिनीवर थेट झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश झोपेत कळतही नाही. सरपणात हात घालण्याआधी काठी घाला, आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी न्या. चावलंच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात औषध आहे, पण ते घेऊन बसलेल्या डॉक्टरांपर्यंत माणूस वेळेत पोचावा लागतो. साप दिसला आणि हलेना तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

८. निर्णय

सर्व बाजू ऐकून असे ठरते की, जो साप कायद्याने नेता येईल तो थंडीने आजारी पडेल, आणि जो गावचा आहे व थंडीवाऱ्याला पुरून उरेल तो नेता येणार नाही. सबब कोणताही साप वेशीबाहेर नेऊ नये. मुंबईच्या अजगराने मुंबईतच, जाणकार मित्राच्या घरी, आपल्या दिव्याखाली राहावे. रजा फक्त मालकाने टाकावी.

गावच्या सापांना पळण लागू नाही. त्यांना कौल विचारला जात नाही आणि ते मागतही नाहीत. आपण निघालो की भाताच्या कणग्या, माळे, न्हाणीघरं उंदरांना मोकळी होतात, आणि उंदरांच्या मागोमाग धामण येते. तीन दिवस घराची राखण ती करते, तीही बिनपगारी.

म्हणून देवाचा कौल मिळून गाव भरायला निघाल तेव्हा उंबऱ्याशी पाय आपटा, दार सताड उघडा, थोडा वेळ खळ्यातच थांबा. चपला झटकून घाला, अंथरुणं झाडून घ्या, कोपऱ्यातला नारळाचा ढीग काठीने हलवा. कुणी सरसरत मागच्या दाराने निघालं तर वाट द्या, आरडाओरड करू नका. तीन दिवसांचं भाडंही मागू नका, त्याने ते उंदरांत चुकतं केलेलं असतं.