एक जैन, एक स्वामिनारायण, एक आजारी

सुरतेच्या हॉटेलात वेटर पाणी ठेवायच्या आधी पंथ विचारतो. रेग्युलर, जैन की स्वामिनारायण? जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काहीच नाही. स्वामिनारायण म्हणजे कांदा-लसूण नाही, बटाटा मात्र हवा तेवढा. दहाजणांच्या टेबलावर तीन रेग्युलर, चार जैन, दोन स्वामिनारायण आणि एक फराळी अशी ऑर्डर हा गडी कागद-पेन्सिल न घेता ऐकतो आणि आत जाऊन महाराजांना, म्हणजे आचाऱ्याला, एका दमात म्हणून दाखवतो. एकाचंही ताट चुकत नाही. चुकलं तर शेठ गल्ला सोडून उठेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता याच टेबलावरच्या कुणी म्हणू दे, "मला गहू चालत नाही. अजिबात."

वेटर खुशीत येतो. "टेन्शन ना लो, अमारे त्यां मेंदो वपरातो ज नथी. प्योर घऊं छे!"

माझ्या उधन्याच्या भाचीला हे उत्तर इतक्या वेळा मिळालंय की ती आता वेटरच्या बरोबरीने म्हणते. दुसरं लोकप्रिय उत्तर असं, की ग्लुटेन आम्ही घालतच नाही, अजिनोमोटोही घालत नाही. तिसऱ्या प्रकारचा वेटर काहीच बोलत नाही, मान डोलावतो आणि रोटली आणून ठेवतो. त्यातल्या त्यात हा बरा. निदान समोर ठेवलेला गहू दिसतो तरी.

भाचीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षक यंत्रणा तिच्याच लहान आतड्यावर उठते आणि अन्न शोषणारी आतली मऊ लव झडून जाते. मग रक्त कमी, वजन कमी, हाडं कच्ची, पोट कायम बिघडलेलं. औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर. हे शहाणपण आलं नेदरलँड्समधून. विलेम डिक नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय महायुद्धाआधीपासून होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला. आपल्याकडे गहू खाणाऱ्या उत्तरेत शंभरात सुमारे एकाला हा आजार असतो, भातखाऊ दक्षिणेत बराच कमी. बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. ते ॲसिडिटीच्या गोळीवर गोळी खात रोटली खात राहतात.

यातला विनोद खानदेशी माणसालाच कळेल. सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम इथली निम्मी वस्ती ताप्ती लाइनच्या गाडीने आली. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. आजोबा लूमवर आले तेव्हा फडक्यात कळण्याची भाकरी होती. ज्वारी आणि उडीद, गव्हाचा कण नाही. ठेचा, वांग्याचं भरीत, डाळ. आजीचं अख्खं ताट जन्मजात ग्लुटेन-फ्री होतं आणि त्याचे कुणी जादा पैसे लावत नव्हतं. नातवंडं शिकली, फ्लॅटमध्ये गेली, आणि भाकरी म्हणजे गरिबी, पोळी म्हणजे प्रगती असं घरानेच ठरवलं. आता ती प्रगती भाचीच्या आतड्यावर आली, तर तीच भाकरी रविवारी काठियावाडी हॉटेलात 'देसी थाळी' म्हणून शोधत फिरायचं.

फिरताना जपून. इथे 'भाखरी' मागितली तर जाड कणकेची, खरपूस, शंभर टक्के गव्हाची येते. आपल्याला हवा तो बाजरीचा 'रोटलो'. एका मराठी पेशंटने मराठीत ऑर्डर दिली की थेट दवाखाना, अशी सोय दोन्ही राज्यांनी मिळून केलेली आहे.

बरं, खायला या शहरात काही नाही म्हणावं, तर तसंही नाही. उलट कागदावर सुरत हे गहू न खाणाऱ्याचं माहेर आहे. लोचो आणि खमण चण्याच्या डाळीचे. इदडा तांदूळ-उडदाचा. खिचू तांदळाच्या पिठाचं. पात्रा बेसनाचे. डुमसची टोमॅटो भजी बेसनाची. थंडीत पोंक, म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा, वर लिंबू-मिरीची शेव. वलसाडच्या बाजूला हायवेवर मडक्यात भाजलेलं उबाडियू, त्यात पीठच नाही. डांगातून आलेला नागलीचा रोटला. पॅरिसला गेलेल्या सिलिअ‍ॅकवाल्याने ही यादी वाचली तर क्रोसाँकडे पाठ फिरवून तो सुरतेचं तिकीट काढेल.

काढू नये. कारण वरून फोडणी आहे.

फोडणीत हिंग आहे, आणि बाजारातला हिंग हा हिंग कमी आणि पीठ जास्त असतो. अस्सल हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडून येणारा झाडाचा चीक. तो इतका जालीम असतो की डिंक आणि पीठ मिसळल्याशिवाय वापरताच येत नाही. हे पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीवर ते छापलेलं असतं, भिंगाने वाचता येईल एवढ्या टायपात. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, पण हॉटेलच्या महाराजांनी तो मुद्दाम आणावा अशी अपेक्षा करणं म्हणजे फारच झालं. म्हणजे खमणावर गहू, दाळीत गहू, कढीत गहू, चिमूट-चिमूट. आणि जैन थाळी घ्यावी म्हटलं तर आणखी पंचाईत. कांदा-लसूण नाही, मग चव आणायला महाराज हिंगाचा हात सैल सोडतात. 'सुरतनुं जमण, काशीनुं मरण' ही म्हण ज्याने काढली, त्याला हिंगाची डबी वाचायची वेळ आली नव्हती.

हिंगातून सुटलात तर कढई आहे. भजी बेसनाची खरी, पण त्याच तेलात मघाशी समोसे आणि पुऱ्या पोहून गेल्या. तळल्याने ग्लुटेन मरत नाही, तो काही जंतू नव्हे. खमण मऊ-जाळीदार व्हावा म्हणून कुणी त्यात रवा ढकलतो. उंधियूत सगळ्या भाज्या गुणी, पण मेथीचे मुठिये कणीक घालून वळलेले. थाळीत वाढणाऱ्याचा जो हात पुरी सोडतो तोच भातावर येतो. रोटलो बाजरीचा, पण तो थापणाऱ्याच्या तळव्याला आधीच्या तीस रोटल्यांचं पीठ, आणि तवा तोच.

नातेवाईकांचा यावर ठरलेला उपाय असतो: "एखाद्या घासाने काय होतंय?" गुजराती शेजारी अधिक प्रेमाने म्हणतात, "थोडुं तो चाले." तर हिशोब सांगतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही आठवडे पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं आढळलेलं आहे. घरच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. पानात सांडतो तो चुरा. आग्रहाचा घास याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि सुरती आग्रह एका घासावर थांबल्याचं ऐकिवात नाही.

आता मला पडलेला प्रश्न. जे स्वयंपाकघर बटाट्याचा तुकडा जैन भाजीत जाऊ देत नाही, वेगळी पळी ठेवतं, वेगळं पातेलं ठेवतं, त्याला गव्हाचं पीठ का आवरता येत नाही? अक्कल आहे. भांडी आहेत. शिस्तही आहे, ती या शहराने दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त कमावलेली आहे.

माझं उत्तर साधं आहे. जैन गिऱ्हाईक चूक जागेवर पकडतं. भाजीत कांदा दिसला की ताट तिथल्या तिथे परत, पंधराजणांचं कुटुंब उभं राहतं, आणि हिऱ्याच्या बाजारात दुसऱ्या दिवशी हॉटेलचं नाव खराब. सिलिअ‍ॅकवाला मात्र शांतपणे जेवतो, बिल देतो, टीपही ठेवतो आणि घरी जाऊन आडवा होतो. हॉटेलने त्याला कधी आजारी पाहिलेलंच नसतं. त्यांच्या दृष्टीने हा माणूस मजेत जेवून गेला. पुन्हा आला नाही, तर आवडलं नसेल बापड्याला. धर्म बुडाला तर टेबलावर बुडतो, आतडं बिघडलं तर ते आपापल्या घरी.

शिवाय फॅशनवाल्यांनी उरलीसुरली पत घालवली आहे. वजन उतरवायला ग्लुटेन सोडणारी मंडळी पिपलोदच्या कॅफेत ग्लुटेन-फ्री पिझ्झा मागवतात आणि वर ब्राउनी खातात. वेटरने हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढच्या टेबलावर खरा पेशंट बसला की तो त्यालाही त्याच हिशोबात धरतो. दोष वेटरला कसा द्यावा? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून मेन्यूकार्डांवर मिलेटचा पूर आला आहे, पण नाचणीचा पिझ्झा फाटू नये म्हणून त्यात मैदा असतोच. मल्टिग्रेन म्हणजे तर गहूच, फक्त मित्रांसह आलेला.

कायदा? आहे ना. डबाबंद वस्तूवर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये, असं आपलं अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणतं. २०२०च्या लेबलिंगच्या नियमांत हॉटेलंही आली. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थांतल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची, त्यात ग्लुटेनवाली धान्यं आहेत. सुरती माणूस मात्र खातो लारीवर, एकाच शाखेच्या खमण हाउसमध्ये, किंवा डुमस रोडला सतरंजी पसरून. तिथे नियम पोचत नाही, हिंग पोचतो. इटलीत, जिथे पास्ता म्हणजे श्वास, तिथे २००५ पासून सिलिअ‍ॅकसाठी स्वतंत्र कायदा आहे. पेशंटला ग्लुटेन-फ्री खाण्यासाठी सरकारी भत्ता मिळतो आणि सरकारी शाळेच्या, इस्पितळाच्या खानावळीत मागितलं तर तसं जेवण द्यावंच लागतं. आपल्याकडे पेशंटला सल्ला मिळतो. फुकट, आणि भरपूर.

तर भाचीने स्वतःचा कायदा केला. तिच्या ध्यानात आलं की या शहरात एक स्वयंपाक गव्हापासून मुळातच दूर ठेवलेला आहे: फराळी. राजगिरा, शिंगाडा, मोरैयो म्हणजे आपली वरी, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. तवा वेगळा, कढई वेगळी, तेल वेगळं. उपासाला हिंगही वर्ज्य, आणि बऱ्याच घरांत त्याचं कारणही ठाऊक आहे, की त्यात पीठ असतं. डबीवरचा बारीक टाइप ज्या बायकांनी कधी वाचला नाही त्यांना हे माहीत, आणि हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतलेल्या मॅनेजरला नाही. गिरणीवालासुद्धा उपासाचं दळण गव्हावर टाकत नाही. थोडक्यात, डॉक्टरने लिहून दिलेलं जे पथ्य कुणी पाळत नाही, ते पंचांगाने लिहून दिलं की अख्खं शहर पाळतं.

तेव्हा ती आता आजाराचं नावच काढत नाही. परवा आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो. वेटर आला, रेग्युलर-जैन-स्वामिनारायण झालं, तिच्यापाशी थांबला.

"मने फराळी. अगियारस छे."

वेटरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बेन, आजे तो पांचम छे."

"अमारामां आजे होय," भाची म्हणाली.

त्याने क्षणभरही वाद घातला नाही. "हा हा, महाराष्ट्रवाळामां हशे," म्हणाला, आणि आत तोंड करून ओरडला, "महाराज, एक फराळी! कढई धोईने, तेल नवुं!"