बुधवारी गुलाबी

अमेरिकी हायस्कूलच्या विनोदी सिनेमातली दुष्ट मुलगी कधी साधी चालत येत नाही. कॉरिडॉरमधली गर्दी दुभंगते, बंद इमारतीत कुठूनतरी वारा सुटतो, तिचे केस भुरभुरतात आणि लॉकरपाशी उभी पोरं हातातल्या वह्या पाडतात. दोन्ही बाजूंना एकेक मैत्रीण. एकीचं काम मान डोलवायचं, दुसरीचं काम पहिलीने मान डोलवली की हसायचं. हिच्याजवळ दप्तर नसतं. पर्स असते आणि तिच्यात लिपग्लॉस. तरी ही नापास झाल्याचं कुठल्याच सिनेमात दाखवलेलं मला आठवत नाही.

या जातीची पट्टराणी म्हणजे 'मीन गर्ल्स'मधली (2004) रेजिना जॉर्ज. टीना फे यांनी ती पटकथा रोझलिंड वाइजमन यांच्या पुस्तकावरून रचली, आणि ते पुस्तक कादंबरी नव्हे; मुलींच्या कंपूत कोण कुठल्या पायरीवर बसतं, हे आईबापांना समजावून देणारं मार्गदर्शक आहे. म्हणजे खुद्द पालकांना शिकवणी लावावी लागली! रेजिना ओरडत नाही, हात उगारत नाही. ती कौतुक करते. समोरचीच्या स्कर्टची तोंडभरून तारीफ करते, कुठून घेतला विचारते, आणि ती बिचारी फुलून दोन पावलं पुढे गेली, की तोच स्कर्ट किती भिकार आहे ते सोबतच्या मुलीला सांगते. आपल्याकडे हे कसब लग्नाच्या पंगतींत चाळिशी गाठता गाठता अंगी येतं. हिने सोळाव्या वर्षीच कमावलंय.

शिवाय तिच्या कंपूचं स्वतंत्र राज्य असतं. बुधवारी गुलाबी घालायचं. जीन्स फक्त शुक्रवारी. पोनीटेल आठवड्यातून एकदाच. मुख्याध्यापकांचे नियम कुणी वाचतही नाही, हे मात्र विनातक्रार पाळले जातात, कारण शिक्षा जबर: जेवणाच्या टेबलावरून हकालपट्टी. आणि कायदा सर्वांना सारखा. नायिकेने 'वजन उतरतं' म्हणून चारलेल्या वड्यांनी रेजिनाचं वजन उलट वाढतं, अंगात फक्त ढगळ पँट शिरते, तीही सोमवारी. तेव्हा तिच्याच चमच्या तिला टेबलावरून उठवतात. एवढी कडक अंमलबजावणी मी तरी कुठल्या सरकारी खात्यात पाहिलेली नाही.

रेजिनाबद्दल माझं फारसं म्हणणं नाही, तिने आपल्या हाताने ओढवून घेतलं. पण 'हायस्कूल म्युझिकल'मधल्या (2006) शार्पे इव्हान्सवर सरळसरळ अन्याय झालाय. गुन्हा काय तिचा? शाळेच्या नाटकात काम मिळावं म्हणून ती तालीम करते. भावाला जुंपते, चकचकीत कपडे घालते, ऑडिशनला वेळेवर हजर राहते. नायक बास्केटबॉलवाला, नायिका अभ्यासू. दोघं वेळ टळून गेल्यावर उगवतात, पियानोपाशी सहज दोन ओळी गातात आणि दुसऱ्या फेरीसाठी निवडले जातात! मग हिने त्या फेरीची तारीख नेमकी त्यांच्या सामन्याच्या दिवशी आणवली, तर ही खलनायिका. उशिरा येणाऱ्यांच्या बाजूने इतकं ठाम उभं राहणारी दुसरी कथा नसेल.

हा सिनेमा काढणाऱ्या डिस्नेलाही बहुधा टोचणी लागली असावी. 2011 मध्ये शार्पेला स्वतंत्र सिनेमा मिळाला. ब्रॉडवेच्या एका नाटकाचं बोलावणं आलं म्हणून ती ट्रंका भरून न्यूयॉर्कला पोचते आणि तिथे कळतं, की बोलावणं आहे ते तिच्या 'बॉय' नावाच्या कुत्र्याला. पुढे ती घाम गाळते, नमते, चक्क चांगली होते. पण ती नायिका झाली आणि छळायला कुणी उरलं नाही; म्हणून लेखकांना त्याच नाटकात अँबर ली नावाची एक नवी कुचकट नटी भरती करून घ्यावी लागली. तीसुद्धा सुरुवातीला अगदी गोड बोलते.