निरंक

आमच्या कार्यालयात भेदभाव नाही. हे मी हवेत बोलत नाही, माझ्याकडे कागद आहे. दर एप्रिलमध्ये वरून एक तक्ता येतो. त्यात 'प्राप्त तक्रारींची संख्या' असा रकाना असतो आणि त्यात मी दरवर्षी स्वहस्ते 'निरंक' असं लिहितो. ज्यांचं आयुष्य फायलींत गेलं त्यांनाच या शब्दाची गोडी कळेल. शून्य म्हटलं की कोणीतरी बसून मोजलं असं वाटतं. निरंक म्हणजे मोजायला बसायची वेळच आली नाही.

हा रकाना माझ्याकडे आला त्याचं असं झालं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ साली झाला आणि प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमावा, असं त्यात लिहिलेलं निघालं. साहेबांनी विचारलं, "काम कोणाकडे कमी आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पात्रतेबद्दल शंका नसावी. लेखा शाखेतल्या मुलाला 'वहिनी' हे नाव मीच ठेवलं होतं. थोडा संकोच वाटला, नाही असं नाही. पण मग २०१८ च्या सप्टेंबरातली बातमी आठवली. देशातल्या एका बड्या आयटी कंपनीत एका माजी कर्मचाऱ्यानं, समलिंगी म्हणून आपला छळ झाला, असं उघडपणे सांगितलं होतं आणि कंपनीला त्यापायी आपल्या विविधता विभागाच्या प्रमुखालाच नारळ द्यावा लागला होता. म्हणजे अशा जागांवर माणसं नेमायचे निकष सगळीकडे सारखेच. मी नेमणूक स्वीकारली.

'वहिनी' हे नाव मात्र फार चाललं. "वहिनी, व्हाउचर पास करा", "वहिनी, आज भाजी काय?" रोखपालांनी तर त्याच्या चालण्याची नक्कल बसवली होती, ती रोज चारच्या चहाला व्हायची. मुलगा हसायचा. हसायचा म्हणजे त्याला आवडत असणार. नाहीतर माणूस बोलला नसता का?

आणि कृपा करून आम्हाला कोणी मागासलेलं म्हणू नये. गणपतीतल्या कार्यक्रमात आमच्या बांधकाम शाखेचे चार दणकट गडी नऊवारी नेसून लावणी करतात. पहिलं बक्षीस त्यांचं ठरलेलं असतं. गेल्या साली साहेबांनी स्वतः पाचशेची नोट ओवाळून टाकली. साहेब नाट्यवेडे. त्यांच्या केबिनमध्ये शालू नेसलेल्या बालगंधर्वांचा फोटो आहे आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, हे ते भेटायला येणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला ऐकवतात. त्याच फोटोखाली उभं करून त्यांनी मुलाला एकदा समजावलं, "जरा पुरुषासारखं चालत जा. बाहेरची माणसं येतात आपल्याकडे." यात विसंगती शोधणाऱ्यांना कला कळत नाही. साडी नेसायला हरकत नाहीच. स्टेजवरून उतरल्यावर मिशीला पीळ भरला की झालं.

साहेबांचं धोरण उदार आहे. ते म्हणतात, "कोणी घरात काय करतो ते त्याचं खासगी. ऑफिसात कशाला आणायचं?" हे तत्त्व आम्ही काटेकोर पाळतो. आमच्याकडे खासगी बाबी ऑफिसात येत नाहीत. येतात ते साखरपुड्याचे पेढे, लग्नाचे अल्बम, मधुचंद्राचे मनालीतले एकशेचाळीस फोटो, डोहाळजेवणाचे व्हिडिओ, बारशाच्या घुगऱ्या, आणि "आमच्या हिला वांगं चालत नाही" ही माहिती, जी मी एकाच माणसाकडून एकवीस वर्षं ऐकतो आहे. टेबलाच्या काचेखाली बायकोचा फोटो सगळ्यांच्या आहे. मुलाच्या काचेखाली रेल्वेचं वेळापत्रक होतं.

तिशी ओलांडलेला अविवाहित मुलगा म्हणजे कार्यालयाची सामुदायिक जबाबदारी. आस्थापना शाखेतल्या मॅडमनी त्याला तीन स्थळं आणली, पत्रिकेसकट. आधी त्याला गुरुबळ नव्हतं. मग फ्लॅटचा ताबा मिळायचा होता. शेवटी त्यानं सांगितलं, मुलगी ठरलेली आहे, नाशिकची. सगळे खूश! पुढची चार वर्षं आम्ही त्या मुलीची चौकशी केली. तिचं एमएड झालं, तिच्या आजी वारल्या, म्हणून लग्न एक वर्ष पुढे गेलं. फोटो मात्र दाखवता आला नाही. त्याचा मोबाइल पाण्यात पडला होता. त्या मोबाइलवर दुपारी ठरलेल्या वेळी 'गॅस एजन्सी'चा फोन यायचा आणि तो गॅलरीत जाऊन, जेवलास का, असं हळू आवाजात विचारायचा. गॅस एजन्सीशी इतके चांगले संबंध असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा त्यानं तीन दिवसांची रजा मागितली. कारण: रूममेटचं ऑपरेशन. अर्ज माझ्याकडेच आला. मी म्हटलं, "रूममेटसाठी रजा? त्याला घरचं कोणी नाही का?" तो अर्जाकडे बघत राहिला. मग कारण खोडून 'पोटदुखी' लिहिलं. नियमात बसत होतं, मंजूर केली.

कायदा आम्हाला कळतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जेवणाच्या सुट्टीपर्यंत सव्वीस विनोद आले होते. साहेब खिन्न होते. आपली प्राचीन संस्कृती बुडाली म्हणाले. कोणीतरी सांगितलं, साहेब, ते कलम इंग्रजांनी १८६० साली लिहिलंय. त्यावर, "इंग्रजांचा कारभार चोख होता," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

पुढे वरून आदेश आला म्हणून अर्ध्या तासाची जाणीवजागृती कार्यशाळाही घेतली. वक्त्या बाईंनी न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांची गोष्ट सांगितली. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये दोन तरुणींचं प्रकरण त्यांच्यासमोर आलं, तेव्हा आपल्याला या विषयाची नीट समज नाही असं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं आणि मानसशास्त्रज्ञासमोर बसून तो समजून घेतला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकवणीला बसतो! आम्हाला मोठी गंमत वाटली. सामोसे संपल्यावर कार्यशाळा संपली.

यंदा मराठी भाषा गौरव दिनाला 'परप्रांतात मराठी जपणारे' असा विषय घेतला होता. कधी नव्हे तो मुलानं हात वर केला आणि नाव सुचवलं, प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते, कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार. मी नाव लिहून घेतलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या राहत्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रण केलं. विद्यापीठानं निलंबित केलं ते प्राध्यापकांना. निवृत्तीला काही महिने उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृत सापडले.

सभेत कोणी बोललं नाही. रोखपालांनी विचारलं, "पण तुला एवढी माहिती कशी?" सगळे हसले, तोही हसला. फलकावर दुसरं नाव लावलं.

पुढच्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला. म्हणाला, तक्रार करायची असेल तर पद्धत काय? मी कायदा काढला. "तू तृतीयपंथी आहेस का?" नाही म्हणाला. "मग हा कायदा तुला लागत नाही." लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, पण त्यातली समिती फक्त महिलांच्या तक्रारी घेते. "तू वहिनी आहेस म्हणा, बघ विचारून," असं मी वातावरण हलकं करायला म्हटलं. तिसरा मार्ग साध्या कागदाचा. दोन प्रतींत अर्ज, नाव, हुद्दा, कोण चिडवतं आणि कशावरून चिडवतं याचा सविस्तर तपशील, आवक शाखेमार्फत. आवक शाखेतला बारनिशीचा लिपिक प्रत्येक कागद नोंदवण्यापूर्वी मोठ्यानं वाचतो, ही त्याची जुनी सवय. मुलानं विचारलं, "कशावरून, तेही लिहावं लागेल?" मी म्हटलं, त्याशिवाय चौकशी कशी होणार? त्यानं हातातला कोरा कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

मार्चअखेरीस त्यानं राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं होतं. आम्ही त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. शाल कोणत्या रंगाची आणावी यावरही दोन विनोद झाले.

त्याच्या जागी नवा मुलगा आलाय. उंचापुरा, दाढीवाला, गोलंदाजी चांगली करतो. आस्थापनेच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात पत्रिका घेऊन गेल्या, पण तो म्हणाला, ठरलंय. साताऱ्याची आहे. फोटो मागितला तर म्हणे, मोबाइल बदलला तेव्हा सगळे उडाले.

तक्ता काल पाठवला. निरंक.