अर्थिंग खाऊन भाव पाडणाऱ्या ठेकेदारास

ठेकेदारसाहेब,



कराडात पॉइंटचा सर्वांत कमी रेट आपलाच, असं तुम्ही प्रत्येक बांधकामावर छाती काढून सांगता. तो परवडतो कसा, तेही एकदा गिऱ्हाइकाला सांगा. हेल्परची हजेरी आम्हाला पडते तेवढीच तुम्हाला पडते. वायरचं बंडल तुम्हालाही 90 मीटरचंच मिळतं. तांब्याचा भाव तुमच्यासाठी कुणी वेगळा लावत नाही. मग तुमचा नफा येतो कुठून?

तो कुठून येतो ते मी पाहिलंय. तुम्ही वायरिंग केलेल्या एका नव्या घरात गिझरच्या बॉडीला झिणझिण्या येतात म्हणून मला बोलावलं होतं. 16 अँपिअरचं सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या पिनला वायरच नव्हती. हिरवी वायर डीबीत दोन बोटं दिसेल एवढी ठेवून पुढे सोडूनच दिली होती. 3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर ओढतो, त्याला 4 स्क्वेअर एमएमची वायर घालायची. तुम्ही दिव्यांची दीडची घातली आणि त्याच सर्किटवर वॉशिंग मशीन टाकलं. एमसीबी सारखी पडायला लागली, तेव्हा तुमच्या माणसानं 32 ची बसवून दिली. म्हणजे आता वायर जळेल, पण एमसीबी पडणार नाही. त्या घरात रांगणारं पोर आहे, साहेब. तुम्ही ते पाहिलं होतं.

पॉइंटच्या रेटमध्ये ही पळवाट मुळातच आहे. बोर्डापासून हातभर अंतरावरचा दिवा आणि जिन्याच्या टोकावरचा दिवा, दोन्ही एकेकच पॉइंट. वायर किती जाडीची, अर्थ ओढली की नाही, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून प्लेट पुरली की नुसता गज ठोकला, यातलं काहीच त्या एका आकड्यात दिसत नाही. प्रामाणिक वायरमन आधी घर फिरतो. एसी कुठे, गिझर कुठे, मोटर कुठे हे विचारतो, स्लॅबमधले पाइप मोकळे आहेत का ते बघतो, शेवटी मेगरनं तपासायचा वेळ धरतो आणि मग भाव सांगतो. तो तुमच्यापेक्षा जास्त असणारच. गिऱ्हाईक दारातच विचारतं, "पॉइंटला काय घेता?" आणि काम तुमच्याकडे जातं. मग दोन महिने रिकामा बसलेला पोरगा तुमच्याच रेटवर उतरतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं अर्थिंग शिकून आलेला मुलगा तुमच्यामुळे ते गाळायला शिकतो. माझा खरा संताप यावर आहे.

वर दुकानदाराचं कमिशन, टू-वेचे दोन पॉइंट, पंख्याच्या रेग्युलेटरचा वेगळा पॉइंट. शेवटचं बिल होतं तेव्हा तुमची स्वस्ताई शिल्लकच राहत नाही. 40 पॉइंटच्या घरात पॉइंटमागे 100 रुपये सोडलेत, तर मालकाचे 4,000 वाचतात. तेवढ्यासाठी तुम्ही त्याच्या सगळ्या घरादाराचा जीव टांगणीला लावता. आणि टेस्ट रिपोर्टवर सही करणारा तुमचा परवानाधारक मित्र त्या घराची पायरीही चढलेला नसतो. त्याचंही पाप तुमच्याइतकंच.

त्या घरातली वायर मी बदलली. बाकीची घरं तुमच्या वहीत आहेत. जा, उघडा ते बोर्ड, आणि स्वतःच्या खर्चानं अर्थ ओढून द्या.

घर बांधणाऱ्यांनो, भाव ठरवण्याआधी कोणत्या सर्किटला किती स्क्वेअर एमएमची वायर, प्रत्येक सॉकेटला अर्थ आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, एवढं कागदावर लिहून घ्या. गवंड्यानं झिऱ्या बुजवायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

आपला,
एक परवानाधारक वायरमन, कराड