एक चोवीसांश गृहस्थ

पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत हा गृहस्थ एक तरी सापडतोच. वय पन्नाशीच्या आगेमागे, नोकरी बरी, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवलेलं आणि नखांत राखाडी प्रायमर. ‘‘सध्या पोर्शे घेतलीय,’’ असं तो लिफ्टमध्ये सहज सांगतो. नवा शेजारी हबकतो. मग कळतं, ही पोर्शे वीतभरसुद्धा नाही, प्लास्टिकची आहे आणि अजून जोडायची आहे.

जपानच्या शिझुओकातली तामिया कंपनी म्हणजे त्याची काशी. तिथली १/२४ मापाची किटं तो मागवतो. किटची खरी किंमत आणि बायकोला सांगितलेली किंमत यांचं प्रमाणही साधारण तेवढंच असतं. जोडून झालेल्या गाड्या एका शोकेसात मावतात. न उघडलेली खोकी मात्र माळ्यावर छताला टेकलीत. ‘‘रिटायर झालो की जोडू,’’ म्हणतो. खोकी पाहता त्याने शाळेतच रिटायर व्हायला हवं होतं.

ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन हलवून तिथे स्प्रे बूथ आलाय. एअरब्रशचं नोझल ०.३ मिलिमीटरचं, पण त्याच्या दिमतीला कॉम्प्रेसर, फिल्टर, पंखा आणि खिडकीबाहेर काढलेला जाडजूड पाइप. थिनरची वाफ पेट घेते, त्यामुळे ठिणगी उडवणारी मोटर तिच्या वाटेत नको, हे तो सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्यांनाही समजावतो. स्वयंपाकघरात चिमणी नाही. फोडणीचा ठसका घरच्यांनी सोसायचा.

दमट हवेत लॅकर मारला की चकाकी जाऊन तो पांढुरका पडतो. म्हणून मृगाचे ढग आले, की हा शेतकऱ्याच्या नेमक्या उलट चेहऱ्याने आभाळाकडे बघतो आणि डिकॅलकडे, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या आकड्या-चिन्हांकडे, वळतो. कागदावरचा आकडा कापायचा, कोमट पाण्यात बुडवायचा, सुटला की बॉनेटवर अलगद सरकवायचा. वर सॉफ्टनरचा हात फिरवला, की त्या पातळ पापुद्र्याला भयानक सुरकुत्या पडतात. नवखा इथे घाबरून बोट लावतो आणि सगळं फाडतो. हा बसून राहतो. वाळताना सुरकुत्या आपोआप निघून डिकॅल बॉनेटच्या वळणात चपखल बसतो. मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याला एवढा धीर नव्हता.

१९७० साली ल माँची शर्यत जिंकणाऱ्या लाल-पांढऱ्या पोर्शे ९१७ चा क्रमांक २३ होता, हे तो झोपेतही सांगेल. स्वतःच्या गाडीचा नंबर मात्र वॉचमनला विचारतो. रॅलीची गाडी असली, तर आधी आरशासारखी चमकवतो आणि मग आठवडाभर खपून तिच्यावर ब्रशने चिखल, धूळ, काजळी चढवतो. खाली पार्किंगमधल्या त्याच्या खऱ्या गाडीवर हेच काम फुकट झालेलं असतं, पण ते त्याला मापात वाटत नाही.

लोक त्याला हसतात. पण व्हॉट्सअॅपवर देश चालवणाऱ्यांच्या मानाने हा माणूस निरुपद्रवी, आणि हाती घेतलेलं एखादं तरी काम नीट करणारा. त्याच्याकडे जरूर जा, चहा प्या, शोकेस बघा. फक्त दोन पथ्यं पाळा : लहान मूल बरोबर नेऊ नका, आणि ‘‘ही रिमोटवर चालते का हो?’’ असं चुकूनही विचारू नका.